काखेत कळसा आणि ट्रीला वळसा

प्लेसमेंटचा सीझन तोंडावर आला की हॉस्टेलमध्ये एक नवीनच साथ पसरते. मेसच्या रांगेत, कूलरपाशी, सकाळी बादली घेऊन बाथरूमबाहेर उभं असतानासुद्धा एकच चौकशी, "तुझे किती झाले?" कोणी सांगतो दीडशे, कोणी छाती फुगवून सांगतो तीनशे. हा आकडा सोडवलेल्या कोडिंग प्रश्नांचा. ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, तो रात्र जागून आपला आकडा वाढवतो, आणि दुसऱ्या दिवशी तोच आकडा तिसऱ्याच्या पोटात गोळा आणतो.

पण या 'झाले' शब्दाला जरा खरवडून पाहा. बहुतेक वेळा आत निघतं ते असं: प्रश्न वाचला, दहा मिनिटं डोकं खाजवलं, उत्तर उघडलं, 'अरे हो की' म्हटलं, तसंच टाइप केलं, हिरवी खूण आली, चला पुढचा प्रश्न. दहावीला इतिहासाच्या सनावळ्या आपण अशाच 'केल्या' होत्या. फरक एवढाच की सनावळीत परीक्षक सन बदलत नसे. इंटरव्ह्यू घेणारा मात्र प्रश्न थोडासा बदलतो, आणि तिथेच आपली दांडी गुल होते.

म्हणून आज फक्त एकाच प्रश्नाबद्दल बोलायचं ठरवलंय. प्रश्न जुना आहे, सेकंड इयरच्या डेटा स्ट्रक्चर्समधला आहे, आणि प्लेसमेंटच्या जवळजवळ प्रत्येक यादीत आहे. प्रीऑर्डर आणि इनऑर्डर दिल्यावर बायनरी ट्री परत उभं करा. माझं म्हणणं असं की हा प्रश्न पाठ करण्याच्या लायकीचा नाहीच. तो एकदा कागदावर नीट सोडवला तर त्यातून जी सवय लागते ती पुढच्या पन्नास प्रश्नांना पुरते. आणि नेमकी ती सवय आपल्याकडे कोणीच लावत नाही.

आधी प्रश्न समजून घेऊ. ज्यांना येतो त्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल (पण सोडू नका!). बायनरी ट्री म्हणजे असं झाड की ज्याच्या प्रत्येक नोडला जास्तीत जास्त दोन पोरं, एक डावं, एक उजवं. या झाडावर फिरायच्या ठरलेल्या पद्धती आहेत. प्रीऑर्डरमध्ये आधी स्वतःचं नाव सांगायचं, मग डावीकडचं सगळं, मग उजवीकडचं सगळं. इनऑर्डरमध्ये आधी डावीकडचं सगळं, मग स्वतःचं नाव, मग उजवीकडचं. समजा कोणीतरी झाड पुसून टाकलं आणि आपल्या हातात फक्त या दोन याद्या ठेवल्या:

प्रीऑर्डर: क ख घ च ग छ ज
इनऑर्डर: घ ख च क ग ज छ

आता वहीचं मागचं पान काढा आणि माझ्याबरोबर चला. प्रीऑर्डरमध्ये स्वतःचं नाव आधी येतं, म्हणजे पहिलं अक्षर 'क' हाच सगळ्या झाडाचा रूट. आता हा 'क' इनऑर्डरमध्ये शोधा. त्याच्या डावीकडे घ, ख, च ही तीन अक्षरं आहेत, उजवीकडे ग, ज, छ ही तीन. म्हणजे डाव्या फांदीत पहिले तिघं, उजव्या फांदीत उरलेले तिघं. डावीकडे तीन आहेत हे कळल्यावर प्रीऑर्डरमधल्या 'क'नंतरच्या तीन जागाही डाव्या फांदीच्याच: ख, घ, च. त्यातला पहिला 'ख', म्हणून डाव्या फांदीचा रूट 'ख'. इनऑर्डरमध्ये 'ख'च्या डावीकडे घ, उजवीकडे च. झाली डावी बाजू. उजवीकडे ग, छ, ज उरले, रूट 'ग'. इनऑर्डरच्या त्या तुकड्यात 'ग'च्या डावीकडे कोणीच नाही, म्हणजे 'ग'ला डावं पोरगं नाही. उजवीकडे ज आणि छ. त्यात प्रीऑर्डरप्रमाणे आधी येतो 'छ', आणि 'ज' हा 'छ'च्या डावीकडे. संपलं. सात नोडचं झाड दोन मिनिटांत उभं राहिलं, आणि यात पाठ करण्यासारखं काहीही नव्हतं.

इथे थांबून एक गोष्ट लक्षात घ्या. दोन याद्यांची कामं वेगळी आहेत. प्रीऑर्डर सांगते मालक कोण, इनऑर्डर सांगते वाटणी कशी. नुसता मालक माहीत असून जमिनीची हद्द कळत नाही, नुसत्या हद्दीच्या खुणांवरून मालक कळत नाही. एकच यादी दिली तर किती घोळ होतो बघा: सात नोडची फक्त प्रीऑर्डर दिली तर ती यादी देणारी ४२९ वेगवेगळी झाडं काढता येतात. दहा नोड असतील तर १६,७९६. दोन्ही याद्या दिल्या आणि अक्षरं सगळी वेगवेगळी असली की झाड उरतं नेमकं एक. हे ज्याला कळलं त्याला 'दोन याद्या का लागतात' हा ओरलमधला प्रश्न कधीच अडवणार नाही.

आता गंमत बघा. हाच प्रश्न आपल्याला चार ठिकाणी भेटतो. थिअरीच्या पेपरात 'झाड काढा' म्हणून, तिथे आपण आकृती काढून मार्क घेतो. प्रॅक्टिकलला प्रोग्राम म्हणून, तिथे गेल्या वर्षीच्या जर्नलमधून तो उतरतो. गेटच्या तयारीत 'दोन ट्रॅव्हर्सल दिल्या, तिसरी सांगा' म्हणून. आणि चौथ्यांदा प्लेसमेंटला. पेपरात जे हातानं झटपट काढतात तीच मंडळी कोड लिहायला सांगितला की 'हे आम्ही अजून केलं नाही' म्हणतात! अहो, केलंय की! कागदावर बोटानं जे केलं तेच मशीनला सांगायचंय. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

बोटानं केलेलं जसंच्या तसं लिहून काढू:

१. इनऑर्डरच्या हातातल्या तुकड्यात काहीच नसेल तर रिकाम्या हाती परत जा.
२. प्रीऑर्डरमधलं पुढचं अक्षर उचला. तोच या तुकड्याचा रूट.
३. तो इनऑर्डरमध्ये कितव्या जागी आहे ते शोधा.
४. त्या जागेच्या डावीकडच्या तुकड्यावर हेच सगळं काम करा, आलेलं झाड डावीकडे जोडा.
५. उजवीकडच्या तुकड्यावर हेच काम करा, ते उजवीकडे जोडा.

हाच आपला रिकर्शन, ज्याच्या नावानं निम्मा वर्ग घाबरतो. प्रीऑर्डरचा क्रमच असा आहे की डावी फांदी पूर्ण संपल्याशिवाय उजवी सुरू होत नाही. म्हणून आधी डावं बांधत गेलं तर 'डावीकडे तीन आहेत' हे मोजायचीही गरज पडत नाही, पुढचं अक्षर आपोआप योग्य येतं.

उत्तर बरोबर आहे. पण तिसऱ्या पायरीवर परत या. 'शोधा' असं आपण सहज म्हणून गेलो. मशीननं शोधायचं कसं? तुकड्याच्या डाव्या टोकापासून एकेक अक्षर बघत जायचं. सात अक्षरांत डोळा एका नजरेत शोधतो, म्हणून या शब्दाचा खर्च आपल्याला जाणवत नाही.

हॉस्टेलच्या भाषेत सांगतो. गेटवर एखाद्याचे वडील आले, 'आमचा मुलगा कुठल्या खोलीत?' वॉचमनकाका जर पहिल्या खोलीपासून दार वाजवत निघाले तर एखाद्या दिवशी चालून जाईल. पण गॅदरिंगच्या दिवशी तीनशे पालक आले तर? काकांचे पाय राहतील का? म्हणून गेटवर यादी लावलेली असते, नावापुढे खोली नंबर. यादी करायला एकदा अर्धा तास जातो आणि भिंतीवर थोडी जागा जाते, पण नंतर प्रत्येकाला उत्तर एका नजरेत.

आपल्या झाडाचंही तेच. किती दारं वाजवावी लागतात ते मोजू. समजा एक लाख नोडचं झाड आहे आणि ते सगळं डावीकडेच झुकलंय, म्हणजे प्रत्येक नोडला फक्त डावं पोरगं. अशा झाडात रूट इनऑर्डरच्या अगदी शेवटी असतो. पहिल्यांदा एक लाख अक्षरं बघायची, मग ९९,९९९, मग ९९,९९८... बेरीज केली की होतात ५०० कोटी आणि वर ५० हजार. हेच झाड उजवीकडे झुकलेलं असेल तर रूट दर वेळी पहिल्याच जागी सापडतो, आणि तोच प्रोग्राम एका लाखात काम संपवतो. दोन्हीकडे नीट भरलेलं झाड असेल तर सतरा मजले होतात, प्रत्येक मजल्यावर साधारण निम्मी अक्षरं बघायची, म्हणजे सगळं मिळून आठ लाखांच्या आसपास. प्रोग्राम तोच, पण काम कुठे एक लाख, कुठे आठ लाख आणि कुठे ५०० कोटी. प्रश्नाबरोबर दिलेल्या उदाहरणात पाच-सात नोड असतात, तिथे हिरवी खूण येणारच. मग ऑनलाइन टेस्टमध्ये सतरावा टेस्ट केस 'वेळ संपली' म्हणून लाल होतो आणि आपण नशिबाला बोल लावतो.

उपाय वॉचमनकाकांचाच. सुरुवातीलाच इनऑर्डरवरून एकदा फिरायचं आणि प्रत्येक अक्षराची जागा लिहून ठेवायची: घ ०, ख १, च २, क ३, ग ४, ज ५, छ ६. याला म्हणायचं हॅश मॅप. नोडना शून्यापासून सलग नंबरच दिलेले असतील तर साधा अ‍ॅरेसुद्धा पुरतो. आता तिसऱ्या पायरीवर शोधाशोध नाही, नुसती नजर. एक लाख नोडना यादी करायला एक लाख नोंदी, आणि बांधताना एक लाख वेळा बघणं. झाड कुठेही झुकलेलं असो, काम तेवढंच. अर्थात हॅश मॅपची नजर 'सरासरीनं' एका झटक्यात असते, नेहमीच नाही, हे ओरलला सांगायला विसरू नका. आणि ही काही आजकालच्या वेबसाइटवाल्यांनी शोधलेली युक्ती नव्हे. हॅशिंगची कल्पना आयबीएममधल्या हान्स पीटर लुन यांनी १९५३ साली एका अंतर्गत टिपणात मांडली होती.

इथपर्यंत सगळ्यांना पाठ असतं. पाठांतरवाल्याची खरी परीक्षा पुढे आहे. पुष्कळ जण मॅप तर करतात, पण डावा तुकडा नि उजवा तुकडा दर वेळी नवीन अ‍ॅरेत कॉपी करतात. पायथॉनमध्ये तर दोन कंसांत काम होतं, म्हणून मोह होतो. पण कॉपी करणं म्हणजे परत प्रत्येक अक्षराला हात लावणं! झुकलेल्या झाडात तो खर्च पुन्हा ५०० कोटींच्या घरात नेऊन ठेवतो. म्हणजे यादी लावली खरी, पण प्रत्येक पालकासाठी अख्ख्या यादीची झेरॉक्स काढली. तुकड्याची डावी हद्द आणि उजवी हद्द असे दोन आकडे पुढे पाठवले की काम भागतं. शिवाय एक लाख मजल्यांचं झाड रिकर्शननं उतरताना स्टॅक फुटतो तो वेगळाच. पायथॉनची रिकर्शनची मूळ मर्यादा १००० आहे, हे किती जणांनी प्रत्यक्ष आपटून पाहिलंय?

आता इंटरव्ह्यूवाला प्रश्न फिरवतो. 'प्रीऑर्डरऐवजी पोस्टऑर्डर दिली तर?' ज्यानं 'मालक कोण, वाटणी कशी' समजून घेतलं तो म्हणेल, पोस्टऑर्डरमध्ये स्वतःचं नाव शेवटी येतं, म्हणून यादी शेवटाकडून वाचायची, आणि एकेक अक्षर उचलत गेलो तर आधी उजवी फांदी बांधायची, मग डावी. संपलं. 'प्रीऑर्डर आणि पोस्टऑर्डर दिल्या, इनऑर्डर नाही, तर?' तर दोन्ही याद्या मालकच सांगतात, वाटणी कोणीच सांगत नाही. 'क'ला एकच पोरगं 'ख' असेल तर ते डावं असो की उजवं, प्रीऑर्डर 'क ख' आणि पोस्टऑर्डर 'ख क'च येणार. म्हणजे झाड एकच असं ठरत नाही. 'दोन नोडवर एकच अक्षर असेल तर?' तर आपली जागांची यादीच कोलमडते, कारण एका नावापुढे दोन खोल्या. ही तिन्ही उत्तरं पाठ करायची गरज नाही. पहिलं कळलं असेल तर बाकीची आपसूक येतात. आडात असेल तर पोहऱ्यात येणारच.

माझ्या मते या सगळ्यातून हाती लागणारी सवय म्हणजे स्वतःला विचारायचे तीन प्रश्न. झाडावर फिरताना मी कुठली गोष्ट पुन्हा पुन्हा शोधतोय? ती आधीच, किंवा जाता जाता, लिहून ठेवता येईल का? आणि लिहिलेलं कधी खोडायचं?

तिसरा प्रश्न कशाला, असं वाटेल. त्यासाठी दुसरं एक उदाहरण घ्या. झाडाच्या नोडवर आकडे आहेत, आणि वरून खाली जाणारे असे किती रस्ते आहेत की ज्यांची बेरीज ८ होते? रस्ता रूटपासूनच सुरू व्हावा असं नाही, मधूनही चालेल. प्रत्येक नोडपासून नव्यानं मोजत सुटलो तर पुन्हा दारं वाजवणं आलं. त्याऐवजी उतरता उतरता रूटपासूनची चालती बेरीज ठेवा. या नोडवर बेरीज १३ असेल, तर माझ्या वाटेवर वर कुठे बेरीज ५ होती का एवढंच बघायचं. असेल तर मधल्या तुकड्याची बेरीज ८ झालीच. म्हणून आतापर्यंतच्या बेरजा मॅपमध्ये लिहीत जायचं, आणि सुरुवातीला शून्याची एक नोंद ठेवायची.

आता रूट ५, त्याचं डावं पोरगं ३, त्याचंही डावं पोरगं ५. चालत्या बेरजा ५, ८, १३. आठवर आलो तेव्हा शून्य हवा होता, तो आहे, एक रस्ता. तेरावर पाच हवा होता, तोही आहे, दुसरा रस्ता. आता परत वर येऊन रूटच्या उजवीकडे जाऊ, तिथे समजा १६ आहे. बेरीज २१, वर १३ हवा. मॅपमध्ये १३ आहे! पण तो तर डाव्या फांदीचा, आपल्या वाटेवरचा नाही. खोडला नाही तर नसलेला रस्ता मोजला जातो. गेटवरच्या इन-आउट रजिस्टरसारखंच आहे हे. बाहेर जाताना नाव लिहायचं, परत आल्यावर नोंद बंद करायची. नाही केली तर तुम्ही खोलीत घोरत असताना रेक्टरसर घरी फोन लावतात. पहिल्या प्रश्नात यादी शेवटपर्यंत तशीच ठेवायची होती, इथे फांदीतून परतताना खोडायची. पाठांतर करणाऱ्याला हे दोन वेगळे प्रश्न वाटतात. ज्याला सवय आहे त्याला एकाच घरातले दोन भाऊ दिसतात.

'पण या झाडाबिडाचा नोकरीत उपयोग काय?' हा आक्षेप नेहमीचा, आणि अगदीच फालतू नाही. मॅकवर सॉफ्टवेअर बसवायला जगभर वापरलं जाणारं होमब्रू ज्यानं लिहिलं त्या मॅक्स हॉवेलनं २०१५ साली ट्विटरवर जाहीर तक्रार केली होती की फळ्यावर बायनरी ट्री उलटं करता आलं नाही म्हणून गूगलनं आपल्याला नाकारलं. त्यावर खूप चर्चा झाली. फळ्यावरच्या पंधरा मिनिटांत माणूस जोखता येत नाही, हे मलाही मान्य आहे. पण त्यावरून 'झाडं शिकू नका' हा अर्थ काढणं म्हणजे सोयीचा अर्थ काढणं. नोकरीत झाड कदाचित भेटणार नाही. लूपच्या आत लपलेली शोधाशोध मात्र रोज भेटेल, मग ते बँकेचं सॉफ्टवेअर असो की कॉलेजच्या हजेरीचं.

दुसरा आक्षेप आजचा. '२०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं, आता हा कोड ते पाच सेकंदांत लिहून देतं, आम्ही कशाला घाम गाळायचा?' लिहून देतं, खरंय. पण दिलेल्या कोडमध्ये तुकड्यांची झेरॉक्स आहे की हद्दीचे आकडे आहेत, खोडायची ओळ आहे की राहिली, एकाच अक्षराचे दोन नोड आले तर काय होईल, हे कोण बघणार? आयतं उत्तर तपासायलाही समज लागते, आणि ती स्वतः सोडवल्यानंच येते. वापरा जरूर. पण आधी वहीत सोडवा, मग त्याचं उत्तर आणि आपलं उत्तर शेजारी ठेवून फरक शोधा. असं वापरलंत तर ते चांगलं गाईड आहे, एरवी ते मागच्या वर्षीचं जर्नलच.

आता जे मला सगळ्यात जास्त बोचतं ते सांगतो. आपल्या हॉस्टेलमध्ये निम्म्याहून जास्त पोरं तालुक्याच्या गावांतून, मराठी शाळांतून आलेली. पेपरात झाडं काढण्यात ही पोरं कोणालाही ऐकत नाहीत. आमच्या विंगमधल्या एका ज्युनिअरला एका कंपनीच्या दुसऱ्या राउंडला हाच पोस्टऑर्डरचा बदल विचारला. त्यानं पाठ केलेला कोड आठवायचा प्रयत्न केला, तो आठवला नाही, आणि तो गप्प बसला. परत आल्यावर म्हणाला, "दादा, आपलं डोकंच नाही त्यातलं." मी त्याला कागद दिला आणि मराठीत विचारलं, 'शेवटचं अक्षर कोण?' तीन मिनिटांत पठ्ठ्यानं झाड उभं केलं. डोकं होतं, रस्ताही माहीत होता. पण त्याला कोणी सांगितलंच नव्हतं की पेपरात तो जे काढतो तोच अल्गोरिदम आहे, आणि तो आधी आपल्या भाषेत बोलून बघायला हरकत नाही.

२०२१ साली एआयसीटीईनं मराठीसह आठ प्रादेशिक भाषांतून इंजिनिअरिंग शिकवायला परवानगी दिली. त्यावर वाद पुष्कळ झाले, त्यात मी पडत नाही. इंटरव्ह्यू इंग्रजीत होणार, त्याची तयारी करायलाच हवी. पण विचार करायला कोणाची परवानगी लागत नाही. 'मालक कोण, वाटणी कशी, हद्द कुठे' असा विचार मराठीत करून मग तो इंग्रजीत मांडणं, हे पाठ केलेलं इंग्रजी आठवत बसण्यापेक्षा शंभरपट सोपं आहे. 'डोकंच नाही' असं मानून जी पोरं कोडिंगच्या वाटेलाच जात नाहीत, ती आपल्या या पद्धतीमुळे गळतात. हे नुकसान प्लेसमेंटच्या आकड्यात दिसत नाही, म्हणून त्याची चर्चाही होत नाही.

नुसती टीका करून लेख संपवणं सोपं असतं, म्हणून चार सूचना.

डिपार्टमेंटच्या सर-मॅडमना नम्र विनंती: प्रॅक्टिकलच्या ओरलला 'प्रोग्राम दाखव' याऐवजी 'प्रोग्राममध्ये हे बदल' असं विचारा. प्रीऑर्डरचं पोस्टऑर्डर करा, एवढंच. आणि पेपरातली आकृती तपासून झाली की वर्गात एकदा सांगा, 'हे जे काढलंत ना, तेच आता लिहायचंय.' ज्युनिअरच्या आयुष्यातली दोन वर्षं वाचतील.

सिनिअर मंडळींना: जाताना उत्तरांचा पेन ड्राइव्ह वारसाहक्कानं देण्याची प्रथा बंद करा. द्यायचेच तर प्रश्न द्या, आणि प्रत्येकाखाली 'यात परत परत काय शोधतोय?' एवढी एक ओळ लिहा.

हॉस्टेल कमिटीला: टीव्ही रूममध्ये मॅच नसलेल्या रात्री एक फळा मिळाला तरी पुरे. आठवड्याला एकच प्रश्न, लॅपटॉप बंद, मराठीत बडबडायची पूर्ण मुभा. एका प्रश्नाचे चार फाटे फुटले की दोन तास कसे जातात कळत नाही, आणि चहाचा खर्च वाटून घेता येतो.

आणि ज्युनिअर मित्रांनो, तुम्हाला: 'वेळ नाही' हे सबमिशनच्या आठवड्यात मान्य, एरवी नाही. तीनशे प्रश्न पळत बघायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात तीस प्रश्न बसून सोडवता येतात. आज रात्रीसाठी हा घ्या. इनऑर्डर आणि पोस्टऑर्डर खाली देतो. झाड काढा, मग कोड लिहा, आणि मगच त्यात यादी कुठे लावायची ते ठरवा.

इनऑर्डर: ट त ड प न म र
पोस्टऑर्डर: ट ड त न र म प

कोणी उद्या मेसच्या रांगेत "तुझे किती झाले?" म्हणून विचारलं, तर खुशाल सांगा, एक झाला. पण फिरवून विचार, कसाही!

– अंतिम वर्ष, संगणक शाखा